पांढऱ्या पेशी रोगजंतू ओळखतात कशा? लॅबच्या खिडकीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला येणारी बरीच मंडळी मराठी असतात. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरकडची. खिडकीपाशी मी मराठी बोलते हे कळलं की कागद उलटा करून माझ्यासमोर धरतात आणि म्हणतात, "ताई, हे जरा समजावून सांगा ना." पावसाळा संपता संपता, डेंग्यूच्या दिवसांत, रांग लांब असते आणि प्रत्येकाला दोन मिनिटांवर वेळ देता येत नाही. म्हणून नेहमीच्या प्रश्नांना इथे सवडीने उत्तरं देऊन ठेवते आहे. यात कुणाच्या आजाराचं निदान नाही. त्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत.

रिपोर्टमध्ये पाच प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. सगळ्यांचं काम एकच ना?

नाही. मोठ्या माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल. जखम झाली, काटा रुतला की पहिल्यांदा धावतात त्या ह्याच. समोर कोण आहे याची फार चौकशी त्या करत नाहीत. जंतूंच्या अंगावर सर्रास दिसणाऱ्या काही खुणा त्यांना कळतात, तेवढ्यावर त्या जंतू गिळतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचाच ढीग. मोनोसाइटही गिळण्याचंच काम करतात. इओसिनोफिल जंतांच्या आणि ॲलर्जीच्या वेळी वाढतात. बेसोफिल शंभरात एखादी.

उरल्या लिम्फोसाइट, शंभरातल्या वीस ते चाळीस. विशिष्ट प्रतिकार म्हणतात तो यांचा. त्या गोवराला गोवर म्हणून ओळखतात आणि धनुर्वाताला धनुर्वात म्हणून, आणि ती ओळख वर्षानुवर्षं जपून ठेवतात. बाकीचा हा सगळा लेख त्यांच्याबद्दलच आहे.

जो जंतू शरीराने कधी पाहिलाच नाही, त्याची ओळख या पेशींना आधीपासून कशी असते?

मला विचाराल तर अख्ख्या जीवशास्त्रातला हा सगळ्यात सुंदर प्रश्न आहे.

पूर्वी अनेकांना वाटायचं की जंतू आला की त्याच्यावर साचा दाबल्यासारखी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, घडत असतील. प्रत्यक्षात उलट आहे. कुलूप यायच्या आधीच किल्ल्या घडवून ठेवलेल्या असतात. प्रत्येक लिम्फोसाइटच्या अंगावर ओळखीचे हजारो खुंट असतात, पण एका पेशीवरचे सगळे खुंट एकाच नमुन्याचे. पेशी तयार होताना जनुकांचे काही तुकडे पत्ते पिसावेत तसे पिसले जातात आणि ज्याचा-त्याचा वेगळा डाव लागतो. त्यामुळे मोजक्या जनुकांतून कोट्यवधी नमुने निघतात. हे पिसणं सुसुमू तोनेगावा यांनी दाखवून दिलं आणि १९८७ चं नोबेल त्यांना मिळालं.

यांतल्या बहुतेक किल्ल्यांना आयुष्यभर कुलूप भेटत नाही. भेटलं, तर तेवढ्या एका पेशीची निवड होते. ती फुगते, दुभंगते, पुन्हा दुभंगते आणि तिच्यासारख्याच हजारो पेशी उभ्या राहतात. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही कल्पना आज लसीपासून कॅन्सरच्या उपचारापर्यंत सगळ्याच्या मुळाशी आहे.

रिपोर्टवर नुसतं "लिम्फोसाइट" लिहिलंय. टी किती, बी किती, ते का लिहीत नाहीत?

टी आणि बी या लिम्फोसाइटच्याच दोन जाती, पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघी सारख्याच दिसतात, म्हणून.

जांभळ्या झाकणाच्या नळीतला एक थेंब काचपट्टीवर ठेवून दुसऱ्या पट्टीने पातळ ओढायचा, वाळू द्यायचा, लीशमन स्टेनने रंगवायचा. ऑइलची लेन्स लावली की आधी दिसतात लाल पेशी, फिक्या गुलाबी आणि मधोमध विरलेल्या. त्यांच्या गर्दीत एक लिम्फोसाइट दिसते. लाल पेशीहून थोडीशीच मोठी. बहुतेक सगळी जागा गर्द जांभळ्या गोल केंद्रकाने भरलेली आणि कडेने आकाशी रंगाची बारीक किनार, महेश्वरी साडीच्या काठाची आठवण व्हावी अशी. वर्षानुवर्षं बघते आहे, तरी तिच्याकडे बघून ती टी की बी हे मला सांगता येणार नाही. त्यासाठी फ्लो सायटोमेट्री नावाची वेगळी तपासणी लागते, आणि ती प्रत्येकाला करायचं कारण नसतं. रक्तात फिरणाऱ्या लिम्फोसाइटमध्ये टी पेशींचंच पारडं जड असतं एवढं लक्षात ठेवा.

नावं कुठून आली हेही पुष्कळजण विचारतात. दोघींचा जन्म हाडांच्या आतल्या मज्जेत. टी पेशी तिथून छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत शिकायला जातात, म्हणून टी. लंडनमध्ये जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवर काम करून थायमसचं महत्त्व दाखवलं. तोवर तो अवयव बिनकामाचा समजला जात असे. बी हे अक्षर कोंबडीकडून आलं. पक्ष्यांच्या शेपटीकडच्या भागात बर्सा नावाची एक थैली असते, तिथे या पेशी तयार होतात. माणसाला ती थैली नाही. आपल्या बी पेशी बोन मॅरोमध्येच पिकतात, आणि इंग्रजी अक्षर योगायोगाने तेच राहिलं.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, घसा दुखला की मानेत गाठ येते. ती का?

कारण ओळख पटवायचं काम तिथे चाललेलं असतं.

एखाद्या नव्या जंतूला ओळखणारी टी पेशी लाखात एखादी. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे आमच्या इंदूरच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर उभं राहून एक विशिष्ट माणूस शोधण्यासारखं हे काम. शरीराने यावर काढलेला तोडगा आपल्या वधू-वर मेळाव्यासारखा आहे. घरोघर फिरत बसायचं नाही, सगळ्यांनी एका हॉलमध्ये यायचं. लसिका गाठी म्हणजे ते हॉल. मानेत, काखेत, जांघेत, पोटात अशा शेकडो गाठी आपल्या अंगात आहेत. कातडीखाली आणि घशात डेंड्रायटिक नावाच्या फांद्याफांद्यांच्या पेशी बसलेल्या असतात. त्या जंतूला गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे अंगावर मिरवत जवळच्या गाठीत पोचतात. टी पेशी या गाठीतून त्या गाठीत सतत फिरत असतात. येतात, तुकडा तपासतात, जुळला नाही तर पुढच्या गाठीला निघून जातात.

जुळला, तरी एवढ्याने भागत नाही. जॉइंट खात्याचा चेक दोन सह्यांशिवाय वटत नाही, तसं आहे. पहिली सही तुकडा जुळल्याची. दुसरी सही डेंड्रायटिक पेशीने दिलेल्या धोक्याच्या इशाऱ्याची. दुसरी मिळाली नाही तर टी पेशी गप्प राहते. हा बंदोबस्त नसता तर धूळ, अन्न, आपलीच मेलेली पेशी अशा कशावरही लढाई सुरू झाली असती.

दोन्ही सह्या झाल्या की टी पेशी त्या गाठीतच वाढायला लागतात. गाठ सुजते, दुखते, हाताला लागते. जखम भरली की दोन-चार आठवड्यांत ती बसते. तशी न बसलेली, दगडासारखी टणक, न दुखता वाढत जाणारी गाठ मात्र घरी शेकत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, गरज असेल तर सुईने तपासून घ्या.

एवढी यंत्रणा आहे, तर ताप उतरायला आठ-आठ दिवस का लागतात?

वरचं सगळं घडायला तेवढे दिवस लागतात म्हणून. लाखात एक असलेली पेशी शोधायची, तिची फौज करायची, मग ती रणांगणावर पोचणार.

मदतनीस टी पेशी तयार झाल्या की त्या बी पेशींना हात देतात. जी बी पेशी त्याच जंतूचा तुकडा घेऊन बसली आहे, तिलाच हा हात मिळतो. मग बी पेशीतून प्लाझ्मा पेशी बनते. तिला प्रतिपिंडांचा कारखाना म्हणायला हरकत नाही, कारण सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने ती प्रतिपिंडं बाहेर सोडते. प्रतिपिंडांचे प्रकार असतात. आधी येतं आयजीएम. ते जरा ढोबळ, पण दहा हातांचं, त्यामुळे पकड बरी. दरम्यान लसिका गाठीत बी पेशींच्या किल्ल्या आणखी घासून नेमक्या केल्या जातात. जास्त घट्ट बसणारी पेशी टिकते, सैल बसणारी मरते. मग आयजीजी येतं, दोनच हातांचं, पण नेमकं आणि टिकाऊ. पहिल्या भेटीत हे शिखर गाठायला एक ते दोन आठवडे जातात. दुसऱ्या भेटीत तीन-पाच दिवसांत काम उरकतं.

हे वेळापत्रक माहीत नसल्यामुळे डेंग्यूच्या तपासणीत केवढा गोंधळ होतो! तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम करून घेतात आणि निगेटिव्ह आलं की "डेंग्यू नाही" म्हणून निश्चिंत होतात. पहिल्या पाचेक दिवसांत एनएस१ नावाची तपासणी करायची असते, कारण ती विषाणूचाच अंश शोधते. पाचव्या दिवसानंतर आयजीएमचा भरवसा वाढतो. म्हणून लॅबमध्ये आलात की ताप नक्की कोणत्या तारखेला आला ते सांगा. त्या एका तारखेने रिपोर्टचा अर्थ बदलतो.

विडाल पॉझिटिव्ह आली. म्हणजे टायफॉइड झालाच ना?

या प्रश्नावर मी थोडी तावातावाने बोलते, त्याचं कारण घरातलंच आहे. माझ्या भाच्याला दोन दिवस ताप होता. जवळच्या एका दवाखान्यात विडाल ही रक्ततपासणी केली, १:८० आली (म्हणजे रक्तातला द्रव ऐंशी पट पातळ करूनही प्रतिपिंडं दिसली), टायफॉइड म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं. पाचव्या दिवशी पोरगं मलूल होऊन पडलं तेव्हा कळलं की डेंग्यू आहे. बरा झाला, पण मधले तीन दिवस चुकीच्या औषधात गेले.

विडाल जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धची प्रतिपिंडं मोजते. टायफॉइड जिथे वर्षानुवर्षं वस्तीला आहे अशा आपल्या भागात अनेक निरोगी माणसांच्या रक्तातही १:८० सापडतं. जुना आजार, पूर्वी घेतलेली लस, दुसऱ्या एखाद्या जंतूशी झालेली तोंडओळख, कशानेही. खऱ्या टायफॉइडमध्येही प्रतिपिंडं दुसऱ्या आठवड्यात ठळक होतात. दुसऱ्या दिवशीच्या विडालला म्हणून फारसा अर्थ नसतो. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघण्याची तपासणी, करून घेणं जास्त खात्रीचं. खर्च आणि वेळ जास्त लागतो, मान्य. तरी डॉक्टरांना तेवढं विचारून बघा.

प्रतिपिंडं रक्तात फिरतात. मग विषाणू पेशीच्या आत शिरून बसला तर?

तिथे प्रतिपिंडांचा हात पोचत नाही. तिथे मारक टी पेशी लागतात.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीला एक सवय आहे. आत जी प्रथिनं तयार होतात त्यांचे बारीक तुकडे ती सतत अंगावर मांडून ठेवते. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाने आज काय शिजलं त्याचा चमचाभर नमुना उंबऱ्यावर ठेवावा, तसं. मारक टी पेशी दारोदार जाऊन तो नमुना बघतात. आपल्या घरचंच असेल तर पुढे जातात. विषाणूचा तुकडा दिसला की त्या पेशीला चिकटतात, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोकं पाडतात आणि आत ग्रँझाइम सोडतात. ते मिळालं की पेशी स्वतःच स्वतःला आवरून घेते, आणि आतला विषाणूचा कारखाना बंद पडतो. हे उंबरे प्रत्येक माणसाचे वेगळे असतात आणि टी पेशीला आपल्याच उंबऱ्यावरचा नमुना वाचता येतो, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवलं. त्यासाठी १९९६ चं नोबेल.

इंदूरात ग्रीन कॉरिडॉर करून किडनी-लिव्हर नेल्याच्या बातम्या तुम्ही वाचता. तो अवयव बसवल्यावर रुग्णाला आयुष्यभर गोळ्या का घ्याव्या लागतात, याचं उत्तर याच उंबऱ्यात आहे. परक्या घराचा उंबरा टी पेशींना लगेच कळतो.

कांजिण्या एकदाच होतात. मग सर्दी दर वर्षी आणि डेंग्यू दुसऱ्यांदा कसा होतो?

लढाई संपली की बहुतेक फौज मरून जाते. थोड्या पेशी मागे राहतात, त्या मेमरी पेशी. त्यांच्या जोडीला काही प्लाझ्मा पेशी बोन मॅरोमध्ये ठाण मांडतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी प्रतिपिंडं सोडत राहतात.

ही आठवण किती टिकते? अटलांटिक महासागरातल्या फॅरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती, मग ६५ वर्षं गोवर फिरकलाच नाही. १८४६ मध्ये पुन्हा आला तेव्हा पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला. त्याने पाहिलं की बेटावर घरोघरी माणसं आजारी पडली, पण लहानपणी १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. मधल्या ६५ वर्षांत त्यांच्या पेशींना उजळणीची संधीही मिळाली नव्हती.

सर्दीचं तसं नाही. सर्दी एका विषाणूची नसतेच, शंभराहून जास्त प्रकार आहेत. आज एकाची ओळख झाली, पुढच्या महिन्यात दुसरा येतो. फ्लूच्या विषाणूचे प्रकार मोजके असले तरी तो दर वर्षी कपडे बदलतो.

डेंग्यूची गोष्ट जास्त काळजीची. त्याचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण दुसऱ्या प्रकारचा विषाणू आला तर जुनी प्रतिपिंडं त्याला अर्धवटच पकडतात. निकामी तर करत नाहीत, उलट त्यांच्या आधाराने तो पांढऱ्या पेशींच्या आत सहज शिरतो. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू पुष्कळदा जास्त गंभीर होतो. "मला एकदा होऊन गेलाय, आता भीती नाही" असं कुणी म्हटलं की मी थांबवून हे सांगते. कूलरमधलं पाणी काढून टाका, घासून कोरडा करा.

गोवर काय, येतो आणि जातो. त्याची एवढी धास्ती का?

गोवराचा विषाणू मेमरी पेशींमध्येच शिरतो आणि त्यांना मारतो. मूल बरं होतं, पण इतर आजारांची आधी मिळवलेली ओळख बरीचशी पुसली गेलेली असते. पुढचे कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षं, न्यूमोनिया आणि जुलाब त्याला पुन्हा पुन्हा गाठतात. नऊ महिन्यांची आणि दीड वर्षाच्या आसपासची अशा गोवराच्या दोन्ही लसी चुकवू नका.

नऊ महिन्यांपर्यंत थांबायचं कशाला? जन्मल्या जन्मल्या का देत नाहीत?

बाळाच्या रक्तात तेव्हा आईची आयजीजी प्रतिपिंडं असतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती नाळेतून भरभरून जातात. लसीतला अशक्त विषाणू ती आधीच निकामी करतात, मग बाळाच्या स्वतःच्या पेशींना शिकायला काही उरत नाही. आईची शिदोरी संपत आली की लस द्यायची.

बाळंतपणानंतरचं पहिलं घट्ट, पिवळसर दूध काही घरांत अजून पिळून टाकतात. आज्यांना हात जोडून सांगते, टाकू नका. त्यात आयजीए नावाचं प्रतिपिंड ठासून भरलेलं असतं. ते बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखं राखतं.

माझ्या तीन वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट ६० टक्के आहेत. घाबरू का?

फक्त तेवढ्यावरून नाही. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असणं स्वाभाविकच आहे. त्या वयात रोज नवा जंतू भेटत असतो.

मोठ्यांनी टक्क्यांबरोबर एकूण आकडाही बघावा. एकूण पेशी ३,००० आणि लिम्फोसाइट ६० टक्के, म्हणजे प्रत्यक्षात १,८००. ही संख्या अगदी ठीक आहे, कमी झाल्या आहेत त्या न्यूट्रोफिल. डेंग्यूत आणि इतर विषाणूंच्या तापात असं चित्र नेहमी दिसतं. तेव्हा काचपट्टीवरच्या काही लिम्फोसाइटही एरवीपेक्षा मोठ्या आणि गडद निळ्या होतात, त्यांच्या कडा शेजारच्या लाल पेशींना बिलगतात. रिपोर्टवर "रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट" असं लिहिलेलं असतं ते यालाच. त्या कामाला लागल्या आहेत एवढाच त्याचा अर्थ. साठी ओलांडलेल्या माणसात मात्र ताप नसताना लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या सतत चढत असेल तर तपास करायलाच हवा.

कुत्रा चावल्यावर लसीबरोबर जखमेतही इंजेक्शन देतात. दोन्ही कशाला?

पहिली गोष्ट इंजेक्शनही नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट, काहीही भरायचं नाही.

लस तुमच्या लिम्फोसाइटना शिकवते, पण शिकून प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर विषाणू नसेतून मेंदूकडे निघालेला असू शकतो. म्हणून जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर तयार प्रतिपिंडं जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. ते इम्युनोग्लोब्युलिन. उसनी फौज आहे, काही आठवड्यांत संपते, आठवण मागे ठेवत नाही. ती पहिल्या लसीबरोबरच द्यायची. राहून गेली तर सातव्या दिवसापर्यंतच, कारण पुढे आपली स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागतात.

लसीचे दिवस डॉक्टर सांगतील तसे पाळा. दंडात देतात तेव्हा ०, ३, ७, १४, २८. कातडीत देतात तेव्हा ०, ३, ७, २८. जखम भरली म्हणून मधेच सोडू नका. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून कुणाच्या मनात असेल तर ती जुनी लस भारतात बंद होऊन वीस वर्षं झाली.

आणि ज्याने पूर्वी हा कोर्स पूर्ण केला आहे त्याला पुन्हा चावलं, तर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. ० आणि ३ या दिवशी फक्त दोन डोस. मेमरी पेशी जाग्या व्हायला तेवढं पुरतं.

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, असं आई म्हणते. खरं आहे?

नाही, आईंना निर्धास्त करा. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो मणक्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहतो. टी पेशी त्याला दाबून धरतात. वय वाढलं की थायमस आक्रसतो, नव्या टी पेशी कमी येतात, जुन्या थकतात. मग एखाद्या नसेच्या वाटेने तो बाहेर पडतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेपाशी थांबतो. खरी काळजी मागे राहणाऱ्या वेदनेची. फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर चांगला उपयोग होतो. गेरूचा लेप लावत ते तीन दिवस घालवू नका. डोळ्याजवळ नागीण उठली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पेशी वाढवायला गुळवेलीचा काढा घेऊ का?

२०२० मध्ये इंदूरच्या घराघरांत काढा उकळत होता आणि त्यामागची भीती मी जवळून पाहिली आहे, त्यामुळे कुणाला दोष देत नाही. पण "प्रतिकारशक्ती वाढवणं" हा शब्दच घोटाळ्याचा आहे. ही शक्ती स्नायूंसारखी नसते. लिम्फोसाइटच्या कामाचा सगळा जीव नेमकेपणात आहे. ज्याला मारायचं त्यालाच मारायचं, आणि वेळेवर थांबायचं. सरसकट वाढल्या तर दमा, ॲलर्जी, आमवात असले आजार उभे राहतील. आणि काढा पिऊन कुठलीही पेशी गोवर ओळखायला शिकत नाही. ते शिकवते लस.

गुळवेल सतत घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका. पेशींना खरोखर जे लागतं ते साधं आहे: पुरेशी डाळ-उसळ-दूध-अंडी, पुरेशी झोप, ताब्यात ठेवलेली साखर.

शरीर स्वतःवरच का उलटतं?

किल्ल्या पत्ते पिसून घडवायच्या म्हटलं की काही किल्ल्या आपल्याच कुलपांना बसणार. म्हणून थायमसमध्ये कडक परीक्षा असते. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या टी पेशींना तिथेच मरण, उंबराच न वाचता येणाऱ्यांनाही मरण. शंभरातल्या पाचही बाहेर पडत नाहीत. तरी काही निसटतात. त्यांना आवर घालायला नियामक टी पेशी असतात, आणि त्यांच्या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. हा आवर सुटला तर मुलांमधला टाइप-१ डायबेटिस होतो, ज्यात इन्सुलिन करणाऱ्या पेशीच मारल्या जातात. सांध्यांवर उलटलं की आमवात. डायबेटिस झालेल्या मुलाच्या आईला मी आवर्जून सांगते की तुम्ही त्याला गोड दिलंत म्हणून हे झालेलं नाही.

एचआयव्हीमध्ये नेमकं काय बिघडतं?

तो विषाणू मदतनीस टी पेशींनाच मारतो. त्यांच्या मदतीशिवाय बी पेशी आणि मारक पेशी दोन्ही लंगड्या पडतात. सीडी४ म्हणून जी तपासणी होते ती याच पेशींची मोजणी. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ५०० ते १,५००, आणि २०० च्या खाली गेल्या की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही जिवावर उठतात. रोजच्या गोळ्यांनी ही संख्या पुन्हा वर येते. सरकारी केंद्रांत २००४ पासून त्या मोफत मिळतात.

लसीचा दुसरा डोस चुकला, चार महिने झाले. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं?

बहुतेक लसींच्या बाबतीत नाही. पहिल्या डोसने तयार झालेल्या मेमरी पेशी चार महिन्यांत कुठे जात नाहीत. राहिलेला डोस लवकरात लवकर घ्या आणि पुढचे ठरल्याप्रमाणे. मधल्या काळात संरक्षण अपुरं होतं, एवढाच तोटा. कुत्रा चावल्यानंतरच्या लसीत मात्र असा उशीर परवडत नाही. तिथे एक दिवस जरी चुकला तरी लक्षात येईल त्याच दिवशी जा. कार्ड हरवलं असेल तर ज्या केंद्रात लस दिली होती तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असते. मुलाची जन्मतारीख आणि साधारण महिना सांगितलात की तिथल्या नर्सताई शोधून देतात.